मॉडेल ए हॉट रॉडसाठी पुढचा अॅक्सल: आय-बीम, ट्यूब की मस्टँग टू?

बे_एरिया_बंडू

मंडळी, १९३०ची फोर्ड मॉडेल ए रोडस्टर हॉट रॉड (जुनी गाडी बदलून वेगवान केलेली) म्हणून बांधायला घेतली आहे. चेसिस मूळची, आतून बॉक्स केलेली (उघड्या रेलला आतून पट्टी वेल्ड करून). इंजिन १९४९-५३चं फ्लॅटहेड व्ही-८ (८बीए), गिअरबॉक्स टी-५. मडगार्ड नसतील, म्हणजे पुढचं सगळं उघडं दिसणार. गाडी पुढून खाली बसलेली हवी आणि हायवेवर ताशी ६५ मैलांना हात सैल सोडता आले पाहिजेत.

समोर तीन पर्याय आहेत:
१. जुना फोर्डचा ड्रॉप केलेला (टोकं वर उचललेला, म्हणजे गाडी खाली बसते) आय-बीम अॅक्सल, मूळची विशबोन (अॅक्सलला मागे धरणारी व्ही आकाराची दांडी) कापून (स्प्लिट करून).
२. नवा ४ इंची ड्रॉपचा ट्यूब अॅक्सल. त्याच्यासोबत हेअरपिन (दर बाजूला केसांच्या पिनेसारखा एक रॉड) की फोर-बार (दर बाजूला दोन बार), हे ठरलेलं नाही.
३. मस्टँग टू पद्धतीचं इंडिपेंडंट सस्पेन्शन.

स्टिअरिंग आणि ब्रेक यानंतर ठरवणार. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पाटेवाला

स्टिअरिंग नंतर ठरवणार म्हणताय, तिथेच थांबा. अॅक्सल, त्याला मागे धरणारे रॉड आणि स्टिअरिंग हे तिन्ही एकत्रच निवडायचे असतात. अर्धं कॅटलॉगच्या एका पानावरून आणि अर्धं दुसऱ्या पानावरून घेतलं की गाडी रस्त्यावर नाचते.

आता पर्याय २. ट्यूब अॅक्सल आणि हेअरपिन ही जोडी नको. कारण सांगतो. हेअरपिन असो वा स्प्लिट विशबोन, दोन्ही अॅक्सलला घट्ट आवळलेले असतात, वर-खाली दोन ठिकाणी धरून. डावं चाक उंचवट्यावर चढलं की डाव्या बाजूचा रॉड आपल्या मागच्या टोकाभोवती फिरतो आणि अॅक्सलचं डावं टोक पिळतो. उजवं टोक जागेवरच असतं. हा पीळ कुठेतरी जिरला पाहिजे. आय-बीमचा छेद उघडा, म्हणून तो पिळाला सहज मान देतो. नळी बंद छेदाची, ती कित्येक पटींनी कडक. ती पिळत नाही, मग ताण जातो बॅटविंगच्या (अॅक्सलवर रॉड धरणाऱ्या ब्रॅकेटच्या) बोल्टवर, रॉडच्या वेल्डवर आणि चेसिसवरच्या ब्रॅकेटवर. तडे तिथेच जातात.

ट्यूब घ्यायची तर फोर-बार. चारही बार सारख्या लांबीचे आणि समांतर असले की अॅक्सलची दोन्ही टोकं न पिळता स्वतंत्र वर-खाली होतात.

किंगपिन

पाटेवाला यांच्याशी सहमत. वाचनखूण साठवली.

डेट्रॉइटकर

थोडा असहमत. ट्यूब आणि हेअरपिन लावलेल्या कितीतरी गाड्या वर्षानुवर्षं पळताहेत. फोर्डनेच १९३७-४०च्या व्ही८-६० गाड्यांना नळीचा अॅक्सल दिला होता, त्यालाही विशबोनच होती.

पाटेवाला

डेट्रॉइटकर, विशबोन होती, पण न कापलेली. दोन्ही दांड्या मागे एकाच गोळ्यावर (बॉलवर) येतात. अख्खा अॅक्सल त्या एका बिंदूभोवती डोलतो, त्यामुळे पीळ पडण्याचा प्रश्नच येत नाही. फोर्डने नळी तिथे लावली ती म्हणूनच चालली. कापून दोन्ही टोकं चेसिसच्या दोन बाजूंना नेली की ते गणित मोडलं.

पळणाऱ्या गाड्यांबद्दल: त्यातल्या बहुतेकांचा सस्पेन्शनचा प्रवास दोनेक इंचाचा आणि पाटा कडक. चाक फारसं हलतच नाही, मग पीळ पडणार किती? सॅन फ्रान्सिस्कोच्या चढावर तिरप्या ड्राइव्हवेतून गाडी काढली की मात्र एक चाक पूर्ण वर आणि दुसरं पूर्ण खाली जातं.

डेट्रॉइटकर

न कापलेल्या विशबोनचा मुद्दा मान्य.

रेंच_ताई

बंडू, पर्याय ३ बद्दल कोणीच बोलत नाहीये, म्हणून लिहिते.

मस्टँग टू (१९७४-७८) ची भूमिती चांगली आहे, रॅक अँड पिनियन स्टिअरिंग हलकं आहे, डिस्क ब्रेक सोबत येतात. चाकांमधलं अंतर ५६ इंचांच्या आसपास, मॉडेल एचंही ५६च. कागदावर सगळं जुळतं. अडचण चेसिसची आहे. मॉडेल एच्या रेल पुढे अगदी अरुंद होतात. किट त्याच चेसिससाठी बनवलेलं नसेल तर लोक रॅक दोन्हीकडून लहान-मोठा करतात, आणि तिथे घोळ होतो. रॅकच्या आतल्या टायरॉडचे (चाकं वळवणाऱ्या दांड्यांचे) सांधे आणि खालच्या कंट्रोल आर्मचे आतले सांधे एका रेषेत यायलाच हवेत. नाही आले तर प्रत्येक खड्ड्यात चाकं आपोआप वळतात. यालाच बंप स्टिअर म्हणतात. दुसरं, क्रॉसमेंबर वेल्ड करताना चेसिस अंतिम उतारावर (तयार गाडी पुढे झुकेल त्या कोनात) ठेवलेली नसेल तर कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा पुढे-मागे कल) चुकतो आणि मग शिम (पातळ पत्रे) घालून घालून हात दुखतात.

चाकाच्या बोल्टचा नमुनाही बघ. मस्टँग टू पद्धतीच्या किटचा सहसा ५ बोल्ट ४½ इंचांवर, जुन्या फोर्डचा ५ बोल्ट ५½ इंचांवर. मागे जुना फोर्ड अॅक्सल ठेवणार असशील तर पुढे-मागे वेगळी चाकं होतील.

आणि शेवटचं: मडगार्ड नाहीत. कंट्रोल आर्म, कॉइल स्प्रिंग, रॅकचे बूट, सगळं समोरून दिसणार. १९३०च्या गाडीच्या तोंडाला ते शोभत नाही. मडगार्ड असलेल्या १९४०च्या कूपेला मी हेच किट आनंदाने सुचवीन.

बे_एरिया_बंडू

ताई, पटलं. पर्याय ३ बाद.

मग आय-बीम आणि स्प्लिट विशबोन धरतो. कॅस्टर किती ठेवायचा आणि बदलायचा कसा? विशबोनच्या मागच्या टोकाला टायरॉड एंड लावतात, त्याचे आटे फिरवून होतो ना?

पाटेवाला

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. स्प्लिट विशबोनचे आटे फिरवले तर अॅक्सल पुढे-मागे सरकतो, म्हणजे व्हीलबेस बदलतो. कॅस्टर जवळपास तसाच राहतो, कारण रॉड अॅक्सलला घट्ट आहे. कॅस्टर बदलतो तो मागच्या टोकाच्या उंचीने. रॉड ३६ इंच लांब असेल तर मागचं टोक ⅝ इंच खाली नेल्यावर कॅस्टर सुमारे १ अंशाने वाढतो. म्हणून ब्रॅकेटला एकाखाली एक दोन-तीन भोकं ठेवा, किंवा वेल्ड करण्याआधी उंची नक्की करा.

फोर-बारमध्ये वरचे बार आखूड केले की कॅस्टर वाढतो. बॅटविंगची भोकं ५ इंच अंतरावर आणि आटे इंचाला १८ असतील तर एक पूर्ण फेरा म्हणजे सुमारे ०.६ अंश. हेअरपिनला पुढचे क्लेव्हिस (आट्यांवर बसणारे कानवाले सांधे) याच हिशोबाने फिरवायचे. दोन्ही बाजू सारख्याच फिरवायच्या. नाहीतर एका टोकाचा कॅस्टर वेगळा, दुसऱ्याचा वेगळा, आणि गाडी एकीकडे ओढते.

किती ठेवायचा: सरळ अॅक्सलला ५ ते ७ अंश पॉझिटिव्ह.

चाक_चक्रधर

पाटेवाला यांच्या आकड्याला एक पुरवणी. कॅस्टर गाडी अंतिम उतारावर आणल्यावरच मोजा. मॉडेल एचा व्हीलबेस १०३½ इंच. मागची बाजू साधारण १.८ इंच उचलली की चेसिस १ अंशाने पुढे झुकते आणि कॅस्टर तेवढाच कमी होतो. मागे मोठे टायर चढवल्यावर गाडी अचानक भिरभिरायला लागली, अशी तक्रार येते तिचं मूळ बहुधा हेच असतं.

टो-इन (चाकं पुढून किती आत वळलेली) १/१६ ते ⅛ इंच. खडू आणि टोकदार खिळ्याने दोन्ही टायरच्या मधोमध रेघ मारा, हबच्या उंचीवर पुढे आणि मागे टेपने मोजा. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) अॅक्सलच्या घडणीतच असतो.

नाना_चेसिसकर

जुना ड्रॉप केलेला अॅक्सल घेताना काय बघावं, ते कोणी सांगत नाही म्हणून लिहितो.

ड्रॉप करणं म्हणजे फोर्डचा घडाई केलेला अॅक्सल टोकांजवळ तापवून ताणणं. १९४०च्या दशकात सॅन डिएगोच्या एड स्टुअर्टने हे काम नावारूपाला आणलं. ताणल्यामुळे धातू वळणाजवळ बारीक होतो. तिथे कॅलिपरने जाडी मोजा, दोन्ही बाजूंची तुलना करा. किंगपिनच्या (चाक ज्या खुंटीभोवती वळतं तिच्या) भोकांतून लांब सरळ सळ्या घाला आणि अॅक्सलच्या मागे उभं राहून, मग बाजूने बघा. पिळलेला असेल तर लगेच कळतं. मग मॅग्नाफ्लक्स करून तडे तपासा. रंग मारून चकाचक केलेला अॅक्सल तपासणीविना घेऊ नका. रंगाखाली वेल्डही दडलेला असू शकतो, आणि वेल्ड केलेला अॅक्सल म्हणजे भंगार.

नवा आय-बीम घेणार असाल तर तो घडाईचा आहे की ओतीव, हे विचारा. घडाईचा प्रेसवर थंडच वाकवून कॅम्बर दुरुस्त करता येतो. ओतीव वाकवायला गेलात तर तुटेल.

'४ इंच ड्रॉप' म्हणजे कुठून कुठे मोजलेले ४ इंच, हेही विचारा. मूळ अॅक्सललाही थोडा ड्रॉप असतोच, त्यामुळे गाडी पूर्ण ४ इंच खाली जाईल असं धरू नका.

आणि बॉसची (बोल्टच्या भोकाभोवतीच्या फुगीर भागाची) जाडी! पाटा अॅक्सलला जोडणारे पर्च बोल्ट २ इंची आणि २¼ इंची बॉससाठी वेगवेगळे मिळतात. किंगपिनच्या बॉसची उंचीही सालागणिक बदलते. अॅक्सल एका सालचा आणि स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं ते भाग) दुसऱ्या सालचे असतील तर आधी मोजा, मग ऑर्डर द्या.

रेंच_ताई

नाना, फार उपयोगी प्रतिसाद. किंगपिनबद्दल भर घालते: नवे बुश ठोकल्यावर ते रीम किंवा होन करावेच लागतात. किंगपिन तेल लावून हाताच्या दाबाने जाईल, पण डगडगणार नाही, असं बसलं पाहिजे. थ्रस्ट बेअरिंग अॅक्सलच्या खाली, अॅक्सल आणि स्पिंडलच्या खालच्या कानाच्या मध्ये बसतं. त्याची झाकलेली बाजू वर, म्हणजे पाणी आत जात नाही. वर खेळ उरला तर शिम. बुशमधलं ग्रीसचं भोक स्पिंडलच्या निपलसमोर आलंय ना, हे ठोकण्याआधी बघायचं, नंतर नाही.

पुणेरी_पाना

अवांतर: इकडे पुण्यात जुन्या फोर्डचं असं काही करता येईल का? फोर्डची कंपनी १९२६ मध्ये मुंबईत आली होती आणि गाड्या इथेच जोडल्या जायच्या, त्यामुळे एखादी मॉडेल ए अजूनही सापडते.

नाना_चेसिसकर

पुणेरी_पाना, करू नका हो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडी मूळ नोंदीपेक्षा वेगळी करता येत नाही. शिवाय २०२१च्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांत ५० वर्षांहून जुनी गाडी मूळ स्वरूपात असावी, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल नसावा, अशी अट आहे. अॅक्सल ड्रॉप करून विशबोन कापली की ती व्हिंटेज नोंदणी तुम्ही स्वतःच घालवलीत. तिकडची मॉडेल ए मूळ अवस्थेतच सांभाळा, तशा फार थोड्या उरल्यात.

पुणेरी_पाना

समजलं. धागा वाचत राहतो, पाना खाली ठेवतो.

बे_एरिया_बंडू

स्टिअरिंगकडे येऊ या. १९५३-५६च्या एफ-१०० ट्रकचा बॉक्स लावून ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारी दांडी) डाव्या चाकाकडे न्यायची, की व्हेगाचा बॉक्स लावून आडवी उजव्या चाकाकडे?

चाक_चक्रधर

दोन्ही चालतात, अटी वेगळ्या.

एफ-१०० पद्धतीत ड्रॅग लिंक चेसिसच्या बाजूने पुढे जाते. बाजूने बघितलं तर तिचं मागचं टोक (पिटमन आर्मचा, म्हणजे बॉक्समधून येणाऱ्या हाताचा सांधा) विशबोनच्या मागच्या टोकाच्या शक्य तितकं जवळ हवं, आणि ती विशबोनला समांतर हवी. मग दोघांचे चाप जुळतात आणि खड्ड्यात स्टिअरिंग हिसका देत नाही.

व्हेगा (शेव्हर्ले व्हेगा, १९७१-७७) पद्धतीत ड्रॅग लिंक आडवी जाते आणि चेसिसला आडवा धक्का देते. पाट्याचे शॅकल (पाट्याची टोकं अॅक्सलला जोडणारे दुवे) झुलते असतात, त्यामुळे स्टिअरिंग फिरवल्यावर आधी चेसिस बाजूला सरकते आणि मग चाकं वळतात. म्हणून पॅनहार्ड रॉड (अॅक्सलला आडवं सरकू न देणारी दांडी) लागतोच. तो ड्रॅग लिंकला समांतर आणि शक्य तितका तिच्याच लांबीचा हवा. सहा इंची बोटभर पॅनहार्ड लावू नका, तो स्वतःच अॅक्सलला आडवा ढकलेल.

शेव्हर्ले कॉर्व्हेअरचा बॉक्स स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नका. तो उलटवून घेतल्याशिवाय अशा जागी लावला तर गाडी उलटी वळते.

डेट्रॉइटकर

फ्लॅटहेड असेल तर डावीकडचा एक्झॉस्ट आणि स्टिअरिंग बॉक्स एकाच जागेसाठी भांडतात. ब्रॅकेट वेल्ड करण्याआधी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लावूनच बघा.

किंगपिन

ड्रॉप्ड अॅक्सलवर टायरॉड कुठून जाणार? माझ्या मते पुढून नेला तर जागाच जागा.

चाक_चक्रधर

पुढून नको. टायरॉड मागे असतो तेव्हा स्टिअरिंग आर्म आत झुकलेले असतात आणि त्यांच्या रेषा मागच्या अॅक्सलच्या मध्याकडे जातात. हे अॅकरमन. त्यामुळे वळताना आतलं चाक जास्त वळतं. तेच आर्म पुढे फिरवले तर उलटा परिणाम होतो आणि प्रत्येक वळणावर टायर घासतात. टायरॉड मागेच ठेवा, फक्त विशबोनच्या खालून जाईल असे ड्रॉप केलेले आर्म घ्या. घरी वाकवणार असाल तर लालभडक तापवून वाकवा आणि आपोआप थंड होऊ द्या. पाण्यात बुडवलं तर ठिसूळ होतील.

पाटेवाला

पाट्याबद्दल माझ्या नावाला जागून लिहितो. गाडी पूर्ण वजनावर असताना शॅकल सुमारे ४५ अंशांवर हवेत. उभे असतील तर पाटा फार रुंद, आडवे झोपले असतील तर फार अरुंद. इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, बॉडी बसवल्याशिवाय हे बघण्यात अर्थ नाही. रिव्हर्स आय (टोकांची वळी उलट्या बाजूला असलेला) पाटा घेतला तर साधारण इंचभर आणखी खाली बसते. पानं कमी करायची तर मधली कमी करा आणि पानांमध्ये टेफ्लॉनची पट्टी घाला. गंजलेली पानं एकमेकांना चिकटतात आणि मग पाटा पाट्यासारखा वागत नाही.

शॉक अॅब्सॉर्बर उभ्यापासून ३० अंशांहून जास्त तिरपा नको. उंची ठरल्यावर तो आपल्या प्रवासाच्या मध्यावर असावा.

रेंच_ताई

ब्रेक. १९३९ला फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक आणले, पण १९३९च्या हबचा नमुना वाइड फाइव्ह, १०¼ इंचाचा. ५ वर ५½ हवा असेल तर १९४०-४८चे घे. त्याहून बरे १९४८-५२च्या एफ-१ ट्रकचे ११ इंची बेंडिक्स. दाबल्यावर चाकाच्या फिरण्यानेच ते आणखी आवळतात, शिवाय बोल्टचा नमुना तोच. मास्टर सिलेंडर फ्लोअरखाली येणार असेल तर रेसिड्युअल व्हॉल्व्ह (नळीत थोडा दाब टिकवणारा) विसरू नकोस: ड्रमला १० पीएसआय, डिस्कला २. डिस्कला १०चा लावला तर ब्रेक धरून राहतील.

बे_एरिया_बंडू

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता ठरवतोय: घडाईचा आय-बीम, १९४०-४८चे स्पिंडल, एफ-१चे ब्रेक, व्हेगा बॉक्स, पॅनहार्ड. विशबोन कापायचीच ना? सगळे कापतात म्हणून मीही कापणार होतो.

नाना_चेसिसकर

कापायच्या आधी एकदा विचार करा. लोक कापतात ते जागा नसते म्हणून. मॉडेल एमध्ये विशबोनचा गोळा मूळ बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या कवचाच्या) तळाशी बसतो. तुमच्या फ्लॅटहेड आणि टी-५ला ती खोबण नाही. पण बॉक्स केलेल्या चेसिसमध्ये आडवा मेंबर घालून त्याला गोळ्याची खोबण करता आली तर विशबोन अखंड राहते. अॅक्सलला पीळ नाही, वेल्ड नाही, आणि समोरून दिसणार तेच जे फोर्डने दिलं होतं. माझ्या मते हा तुमच्या यादीत नसलेला सगळ्यात चांगला पर्याय आहे.

डेट्रॉइटकर

+१. पण गोळ्याची जागा पाटेवाला यांच्या ⅝ इंचाच्या हिशोबाने आधी ठरवा, मेंबर एकदा वेल्ड झाला की कॅस्टरही ठरला.

किंगपिन

आणि गाडी नाचायला लागली तर स्टिअरिंग डॅम्पर लावता येतोच.

चाक_चक्रधर

डॅम्परने आजार झाकला जातो, बरा होत नाही. नाचायला लागली तर याच क्रमाने बघा: टायरचा बॅलन्स आणि हवा, टो-इन, व्हील बेअरिंगचा खेळ, किंगपिनचा खेळ, पॅनहार्डचे बुश, स्टिअरिंग बॉक्सचा खेळ आणि त्याचं ब्रॅकेट हलतंय का, शेवटी कॅस्टर. बायस प्लाय (जुन्या पद्धतीचे, तिरप्या धाग्यांचे) टायर असतील तर रस्त्यावरच्या चाकोऱ्यांत गाडी भरकटणारच. तो दोष अॅक्सलचा नव्हे.

बे_एरिया_बंडू

नाना, अखंड विशबोन इंजिनच्या ऑइल पॅनखालून जाणार. ड्रॉप्ड अॅक्सलने गाडी खाली बसल्यावर ती पॅनला लागेल का?

नाना_चेसिसकर

लागू शकते, म्हणूनच आधी मोजा. पाट्याचं फक्त मुख्य पान ठेवून बाकीची काढा, इंजिन जागेवर बसवा, आणि अॅक्सल जॅकने बंप स्टॉपला टेकेपर्यंत वर न्या. आधी दोन्ही चाकं एकदम, मग एक-एक. प्रत्येक वेळी पॅन आणि विशबोन यांच्यात किमान १ इंच जागा राहिली पाहिजे, आणि तेलाचा ड्रेन प्लग विशबोनच्या दांडीआड येता कामा नये. त्याच वेळी टायरॉड विशबोनला लागतोय का आणि अॅक्सलचा सर्वांत खालचा भाग रिमच्या कडेच्या वर आहे का, हेही बघून घ्या. टायर बसला तर रस्त्यावर रिमच टेकली पाहिजे, दुसरं काही नाही. इंचभर जागा मिळाली तर अखंड ठेवा. नाही मिळाली तरच करवत हातात घ्या, आणि कापलेल्या टोकात आट्याचा बंग (आतून आटे पाडलेला जाड तुकडा) नुसता टोकाला वेल्ड न करता दोन इंच आत घालून बाजूने भोकं पाडून प्लग वेल्डही करा.

बे_एरिया_बंडू

शनिवारी इंजिन बसवून मोजतो आणि आकडे इथेच टाकतो.